घेवड्याचे व्याही

साडूनं कलमं बांधून एकाच झाडावर तीन जातींची फळं आणली आणि त्या झाडाला टेकून काढलेला स्वतःचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्याच रविवारी मी ठरवलं, आपण घेवड्याचं नवं वाण काढायचं. फळझाड माझ्याकडे नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागे एका चादरीत झाकलं जाईल एवढं अंगण होतं, आणि त्यात बायकोनं लावलेला बुटका घेवडा होता. दाणे पांढरे, शेंगा कोवळ्या, पण इतक्या मोजक्या, की भाजी करायची तर दोघांपैकी एकानं बाहेर जेवावं.

"नवं वाण कशाला?" बायकोनं विचारलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा परिणाम दिसण्याआधी तिला दुष्परिणाम दिसतो.

"आपला घेवडा कोवळा, पण कमी. शेजारच्यांचा भरघोस, पण चरबट. दोघांचा संकर केला तर भरघोस आणि कोवळा."

"आणि कमी आणि चरबट निघाला तर?"

संशोधकानं घरच्यांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ नये, असं माझं मत आहे.

शेजारी म्हणजे मोजणीसाहेब. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं, पण फीत सुटली नाही. आमच्यामधल्या तारेच्या जाळीच्या कुंपणाला आठवड्यातून एकदा ते ती फीत लावून बघतात, कुंपण कुठे गेलं तर नाही ना म्हणून. त्यांच्या बाजूला उंच वेलाचा घेवडा होता. शेंगांवर जांभळे पट्टे, दिसायला राजबिंडा. त्याच्या शिरा काढायला बसलं की मात्र दोरखंड उसवत बसल्यासारखं वाटायचं.

मी कुंपणाशी जाऊन एक फूल मागितलं.

"फूल न्या की," ते म्हणाले, "पण कशासाठी?"

"आमच्या घेवड्यासाठी."

त्यांनी वेलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एखाद्या घरंदाज माणसानं स्थळाची चौकशी करावी तसं विचारलं, "तुमची बाजू बुटकी आहे ना?"

मी मान डोलावली. गरज मला होती. शेवटी त्यांनी एक टपोरं फूल तोडून जाळीतून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता आपण व्याही झालो."

घेवड्याचं फूल हे अत्यंत संशयी प्रकारचं फूल आहे. ते उमलण्याआधीच आतल्या आत स्वतःचं स्वतः उरकून घेतं, बाहेरच्या कोणाला वावच ठेवत नाही. म्हणून संकर करायचा तर कळी मिटलेली असतानाच ती उघडायची, आतले परागाचे तुरे चिमट्यानं एकेक काढून टाकायचे आणि दुसऱ्या वेलाचा पराग मधल्या काडीला लावायचा. पुस्तकात हे चार ओळींत लिहिलं आहे. लिहिणाऱ्याच्या हाताशी बहुधा भोपळ्याएवढी कळी असावी. माझ्यापुढची कळी तांदळाच्या दाण्याहून थोडीच मोठी होती, चिमटा बायकोचा भुवया कोरायचा होता, आणि मी पोटावर आडवा पडलो होतो.

पहिल्या कळीचं डोकं तुटलं. दुसरी माझ्या श्वासानंच गळाली. तिसरी उघडली, पण तेवढ्यात शिंक आली.

"दाढ काढताय का?" मोजणीसाहेबांनी कुंपणावरून विचारलं.

समोरच्या घरातल्या गायनाच्या बाई कोरडे कपडे काढता काढता थांबल्या आणि त्यांनी सल्ला दिला की रोपाशी रोज थोडं गुणगुणावं, त्यानं फुलं टिकतात. गुणगुणलो तर हात हलत होता, हात स्थिर ठेवला तर सूर हलत होता. सूर हलल्याचं बाईंना सहन होईना. त्या कपडे तसेच टाकून आत गेल्या आणि खिडकी लावून घेतली.

अखेर काही कळ्या टिकल्या. त्यांच्यावर मधमाश्या बसू नयेत म्हणून मी प्रत्येकीवर चहाचं गाळणं उपडं बांधलं. घरातली दोन्ही गाळणी संपल्यावर शेजारचं आणलं. तो सबंध पंधरवडा आम्ही चहा दातांतून गाळून प्यायलो. पाहुणे आले की बायको कप पुढे करून म्हणायची, "तळाशी थोडं संशोधन राहिलंय, तेवढं सोडून द्या."

एक शेंग धरली. एकच. मी तिला लाल दोरा बांधला. कामावर जाताना तिच्याकडे बघून जायचो, आल्यावर बूट काढायच्या आधी तिच्याकडे जायचो. ती वाढली, पिकली, वाळली. बायको आणि मोजणीसाहेब या दोघांच्या साक्षीनं मी ती फोडली. आत पाच दाणे होते. पांढरेशुभ्र. बायकोच्या बरणीतल्या दाण्यांत टाकले असते तर मला स्वतःला ओळखता आले नसते.

"सगळे आईवर गेलेत," बायको म्हणाली.

मोजणीसाहेबांनी एक दाणा हातात घेऊन उजेडात धरला. "आमच्याकडचं काहीच दिसत नाही," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, दुखावलेपण होतं. ते मला जास्त लागलं.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. कोणी म्हणालं, माझी गाडी खड्ड्यात गेली, तर खड्डा आधीपासून होता की गाडी आल्यावर झाला, हे विचारणं माझं काम. इतकी वर्षं समोरच्याच्या तोंडावर अविश्वास दाखवून मी पगार घेत आलो. आता पहिल्यांदा दावा माझा होता आणि अविश्वास दुसऱ्यांचा. पुन्हा पुस्तक काढलं. त्यात तळटीपेत, अगदी बारीक अक्षरांत, लिहिलं होतं की दाण्याचं साल आईचंच असतं, बापाचा अंश पेरल्यावर कळतो. महत्त्वाचं ते बारीक अक्षरांत लिहायची पद्धत आमच्या कंपनीनंच काढली असं मला वाटायचं. तसं नव्हतं.

पाचही दाणे पेरले. तीन उगवले, त्यातल्या एकाला गोगलगाईनं खाल्लं आणि एकावर मी पाय दिला. उरलेला एक वितीएवढा झाला, आणि मग एका सकाळी त्याच्या शेंड्यानं वळसा घेतला.

बुटक्या आईच्या पोटी वेल आला होता. मी बायकोला ओढत बाहेर आणलं. तिनं पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. हा आदर दात घासून होईपर्यंत टिकला.

तो वेल काय वाढला म्हणून सांगू. मी त्याला आमच्या भिंतीकडे दोरी लावून दिली, तर दोरीकडे पाठ करून तो कुंपणाकडे गेला. ऊन मोजणीसाहेबांच्या बाजूला होतं. वेलानं जाळी धरली, वर चढला आणि पलीकडे उतरला. फुलं पलीकडे, शेंगा पलीकडे. आमच्याकडे राहिलं मूळ आणि काही पिवळी पानं. शेंगांना जांभळे पट्टे बापाचे, लांबी बापाची, आणि कोवळेपणा आईचा. शीर नावाला नाही. हे मला मोजणीसाहेबांनी सांगितलं, कारण पहिली भाजी त्यांच्याकडेच झाली.

"फारच कोवळ्या निघाल्या हो," ते जाळीपलीकडून दात कोरत म्हणाले. दात कोरण्यासारखं त्या शेंगांत काही नव्हतं. ते नुसतं मला दाखवायला होतं.

"वेल माझा आहे, साहेब."

"मूळ तुमचं आहे. मी फीत लावून बघितली, निम्म्याहून जास्त वेल आमच्या हद्दीत आहे."

तरी त्यांनी एक वाटीभर शेंगा जाळीतून दिल्या. स्वतःच्या वेलाच्या शेंगा दुसऱ्याकडून वाटीतून घेताना चेहऱ्यावर कसले भाव आणावेत, हे मला अजून सुचलेलं नाही. भाजी मात्र उत्तम झाली. बायको दुसऱ्यांदा घेताना म्हणाली, "हे प्रदर्शनात ठेवा." तिथेच माझा घात झाला.

शहरातलं उद्यानप्रेमी मंडळ दरवर्षी वाचनालयाच्या सभागृहात भाज्यांचं प्रदर्शन भरवतं. मंडळाच्या चिटणीसांचं वह्या-पेनांचं दुकान आहे आणि मंडळाचं कार्यालय म्हणजे त्याच दुकानातला डिंकाच्या बाटल्यांमागचा कोपरा. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"संकरित वाण आहे म्हणता. मग पितृपक्षाच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागेल."

"कशाला?"

"उद्या त्यांनी हरकत घेतली तर?"

"ते शेजारी आहेत, रोज बोलतात माझ्याशी."

"हरकत घेणारे शेजारीच असतात," चिटणीस म्हणाले. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि कागद घेतलाच आहे तर पेनही घ्या, म्हणून एक पेन माझ्या गळ्यात मारलं.

मोजणीसाहेबांनी ना-हरकत पत्र अगदी आनंदानं लिहून दिलं. अक्षर मोत्यासारखं. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "प्रदर्शन कधी आहे म्हणालात?" मी सांगितलं. एवढी वर्षं लोकांची सहज बोललेली वाक्यं त्यांच्याचविरुद्ध वापरत आलेला मी, पण मला संशय आला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी उशिरानं आमच्या बाजूला लागलेल्या मोजक्या शेंगा काळ्या मखमलीवर मांडल्या. वाणाचं नाव 'जांभळा डौल'. बायकोचं नाव देणार होतो, पण तिनं सांगितलं, "माझ्या नावाच्या शिरा निघाल्या की नाही याची चर्चा मला गावभर नको." मांडणी झाल्यावर सहज शेजारच्या ताटलीकडे नजर गेली. त्याच शेंगा. तेच पट्टे. वर चिठ्ठी: 'सीमारेषा'. मागे खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात मोजणीसाहेब.

"तुमच्या अंगणातल्या तुम्ही ठेवल्यात, माझ्या अंगणातल्या मी," ते म्हणाले. "शिवाय मी तुमच्यावर कुठे हरकत घेतली?"

परीक्षक बाई आल्या. गळ्यात भिंग लोंबत होतं. त्यांनी साहेबांची शेंग मोडली, वास घेतला, मान हलवली. मग माझी मोडली, वास घेतला आणि पुढे गेल्या. दुपारी निकाल लागला. पहिला क्रमांक 'सीमारेषा'. 'जांभळा डौल' उत्तेजनार्थ. खाली बाईंचा शेरा: 'प्रथम क्रमांकाच्या वाणाचं अनुकरण करण्याचा प्रामाणिक प्रयत्न. कोवळेपणात किंचित कमी.'

एकाच वेलाच्या शेंगा. कदाचित एकाच देठाच्या.

मी उद्यानप्रेमी मंडळाकडे तक्रार केली. बायको म्हणाली होती, जाऊ द्या. मी जाऊ दिलं नाही. तक्रार इतकी मुद्देसूद होती, की चिटणीसांनी ती माझ्यासमोर दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, "तुम्ही विमा कंपनीत आहात का?" पुढच्या रविवारी चिटणीस आणि परीक्षक बाई पाहणीला आले. त्यांनी साहेबांच्या बाजूनं वेलाचा माग घ्यायला सुरुवात केली. बाई भिंग लावून पुढे, चिटणीस मागे, दोघं पानापानातून सरकत कुंपणापर्यंत आले, जाळीपाशी अडकले, वळसा घालून रस्त्यावरून आमच्या अंगणात आले आणि मुळाशी येऊन थांबले.

"मूळ इकडे आहे," चिटणीस म्हणाले.

"तेच मी म्हणतोय," मी म्हणालो.

"म्हणजे वेल तुमचा. त्यांचा प्रवेश बाद. पहिला क्रमांक रद्द."

मी मान खाली घालून अभिनंदनाची वाट पाहिली.

"दुसऱ्या क्रमांकाचा कोबी आता पहिला," चिटणीस पुढे म्हणाले. "तुमचं उत्तेजनार्थ कायम."

"अहो, पण पहिल्या आलेल्या शेंगा माझ्याच होत्या हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत."

"त्या तुम्ही ठेवल्या नव्हत्या. तुम्ही ठेवलेल्या किंचित कमी कोवळ्या होत्या," परीक्षक बाई ठामपणे म्हणाल्या, आणि भिंग पदरानं पुसून निघून गेल्या.

अशा रीतीनं मी खटला जिंकलो. मोजणीसाहेबांनी कुंपणाच्या त्यांच्या बाजूनं गोणपाट लावलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांनी वेल तोडला असता तर मला भांडता आलं असतं. तोडला नाही, उलट पाणी घातलं. त्याचं मला फार वाईट वाटायचं. संध्याकाळी गोणपाटापलीकडे झारीचा आवाज यायचा आणि मी इकडे उगाच खाकरायचो. तिकडून झारी थांबायची, आणि पुन्हा सुरू व्हायची.

शेंगा वाळल्या. माझ्या वाट्याच्या बाजूला थोड्या लागल्या होत्या, त्यांचं बी निघालं काळं, तपकिरी ठिपक्यांचं. दिसायला दागिन्यांसारखं. ते मी कार्यालयात वाटलं. वाटताना जरा जास्त बोललो, हे मान्य करतो. 'पेरा आणि विसरून जा', 'शीर शोधून दाखवा' अशी विधानं मी केली. आमच्या शाखाप्रमुखांनाही, त्यांनी मागितलं नसताना, पाकिटात घालून दिलं. त्यांनी पाकीट न बघता खिशात टाकलं आणि एका दाव्याची फाइल उशिरा दिल्याबद्दल मला बोलले. त्याच सुमारास मोजणीसाहेबांनीही त्यांच्याकडचं बी फिरायला जाणाऱ्या मंडळींना वाटलं, असं बायकोला दुकानात कळलं.

आता पुस्तकात आणखी एक तळटीप होती. ती मी वाचली नव्हती. संकराची पहिली पिढी सगळी सारखी निघते, दुसऱ्या पिढीत मात्र आजी, आजोबा, आई, बाप सगळे वेगवेगळे बाहेर पडतात, कोण कुणाच्या अंगात येईल याचा नेम नाही.

रोखपालाचा घेवडा गुडघ्याएवढा राहिला. टपाल बघणाऱ्या बाईंचा गच्चीवर गेला, पण शेंग एक नाही. हिशेबनिसांना शेंगा भरपूर आल्या, त्या त्यांच्या सासऱ्यांनी खाल्ल्या आणि कवळीसकट काढून ठेवल्या. सगळे माझ्या टेबलापाशी येऊ लागले. ज्या खुर्चीवर बसून लोक विम्याचे दावे सांगतात, त्याच खुर्चीवर बसून सहकारी घेवड्याचे दावे सांगू लागले. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरावा लागेल." दुसऱ्या दिवशी टेबलावर चरबट शेंगांच्या पिशव्यांचा ढीग पडला. हिशेबनीस कवळीही आणणार होते.

त्या संध्याकाळी मी पुढच्या दारानं घरी न जाता मागच्या बोळातून अंगणात शिरलो. गोणपाटाजवळ कोणीतरी उकिडवं बसलं होतं. मोजणीसाहेब, पण माझ्या बाजूला.

"फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी तिघं माझ्या दारात उभे आहेत," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पिशव्या घेऊन. म्हणून इकडून आलो. तुमची हरकत नाही ना?"

"नाही. बसा."

आम्ही दोघं वाळक्या वेलाखाली बसलो. बऱ्याच दिवसांनी बोलत होतो.

"मुलं कोणावर गेली हो, व्याही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चरबट आहेत ती तुमच्यावर."

"आणि बुटकी तुमच्यावर," ते म्हणाले. मग दोघांनाही हसू आवरेना. दारातल्या तिघांना ऐकू जाईल म्हणून त्यांनी तोंडात गोणपाटाचं टोक धरलं. बायकोनं खिडकीतून पाहिलं, काही न विचारता दोन कप चहा ठेवला आणि आत गेली. चहा नीट गाळलेला होता.

दुसऱ्या दिवशी गोणपाट निघालं.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाला आम्ही दोघं प्रेक्षक म्हणून गेलो. काही ठेवायचं नाही असं एकमेकांना बजावून गेलो. पहिल्या क्रमांकाच्या ताटलीपुढे गर्दी होती. वाकून पाहिलं. शेंगा आमच्या वेलापेक्षाही लांब, पट्टे गडद, आणि परीक्षक बाईंनी शेरा मारला होता: 'इतका कोवळा घेवडा मंडळाच्या इतिहासात झाला नाही.' ताटलीमागे हार घालून आमचे शाखाप्रमुख उभे होते.

भाषणात ते म्हणाले, की हे वाण त्यांनी एकट्यानं, कार्यालयाची जबाबदारी सांभाळून, स्वतःच्या कल्पकतेनं काढलं. मी उठू लागलो. तक्रारीचे पहिले चार मुद्दे उभं राहता राहताच तयार झाले होते. मोजणीसाहेबांनी शर्ट धरून मला खाली बसवलं.

"व्याही, लेक मोठ्या घरी पडली. टाळ्या वाजवा."

मी वाजवल्या. बढतीची यादी त्याच महिन्यात लागायची होती, म्हणून जरा जास्तच वाजवल्या.

सोमवारी शाखाप्रमुखांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर दाण्यांची लहानशी पुडी होती. काळे, ठिपक्यांचे, ओळखीचे.

"तुम्हाला बागेची आवड आहे असं ऐकलं," ते म्हणाले. "लावून बघा. सगळ्यांनाच जमतं असं नाही, पण प्रयत्न करायला हरकत नाही."

"आभारी आहे, साहेब."

"मुख्य कार्यालयातल्या सगळ्या वरिष्ठांना मी हेच बी पाठवलंय. संचालकांना तर किलोभर. हुबेहूब अशाच शेंगा येतील अशी लेखी हमी दिली आहे."

तळटीप माझ्या जिभेच्या टोकावर आली होती.

"लेखी?" मी विचारलं.

"लेखी."

"फार छान केलंत, साहेब," मी म्हणालो, आणि पुडी खिशात टाकून, दार अगदी हळू लावून घेऊन, बाहेर आलो.